पश्चिमेकडे तोंड केलेली चूल

आई, परसात नवं स्वयंपाकघर बांधतोय. तुझ्या नातवाची हौस. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, दोन शेगड्यांचा गॅस, मोठाली पातेली मावतील असं खोल सिंक, कणसं भाजायला कोळशाची जाळी, वर पत्रा. आज सकाळी मेस्त्री खडूने जमिनीवर रेघा ओढत म्हणाला, "अम्मा, शिजवणारीचं तोंड पूर्वेलाच हवं. पाठ घराच्या दाराकडे येईल, पण पद्धत तशीच आहे." तो सहज बोलला, आणि माझी मान आखडली.

राजवाड्यामागच्या आपल्या घरातली चूलही पूर्वेलाच होती. दार तुझ्या पाठीशी. अप्पा यायचे ते तुला दिसायचेच नाहीत. तू रसम ढवळते आहेस, आणि पुढच्या क्षणी तुझी वेणी त्यांच्या मुठीत, कपाळ पाट्याच्या कडेवर. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात उंबऱ्यावर उभी. मीठ जास्त झालं म्हणून, कमी झालं म्हणून, कधी कशासाठीच नाही. एकदा त्यांनी उकळतं रसम तुझ्या पाठीवर ओतलं. पोलकं कातडीला चिकटलं होतं. मी पाणी घालून घालून सोडवत होते आणि तू दात आवळून म्हणत होतीस, "हळू नको ग, एकदाच ओढ."

त्यानंतर तू परसात झाडाखाली तीन विटा मांडल्यास, तोंड घराच्या दाराकडे. अप्पांची आई ओरडली, "पश्चिमेला तोंड करून कुणी शिजवतं का ग?" तू म्हणालीस, "धूर डोळ्यांत जातो, आत्याबाई." मीही तेच खरं मानलं. शाळेत इंग्रजी निबंधात लिहिलं, धुराचा त्रास होतो म्हणून माझी आई झाडाखाली स्वयंपाक करते. सिस्टरनी तो वर्गात वाचून दाखवला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तुझ्या मागे छातीएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे शेजारीण कपडे धुवायची. एका रविवारी अप्पा बाहेर आले, भाताचं पातेलं लाथेने उडवलं. पण या वेळी तू त्यांना येताना पाहिलं होतंस. तू उभी होतीस, हातात पेटतं लाकूड, अगदी त्यांच्या तोंडासमोर. मिशी जळल्याचा वास मला अजून येतो. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. तेवढ्यात भिंतीवर शेजारणीचं डोकं वर आलं, हातात पिळलेली साडी. "काय अक्का, आज भात मातीला वाढलात? अप्पांचं पानही तिथंच मांडायचं का?" मागोमाग आणखी दोन डोकी वर आली. पहार खाली पडली. संध्याकाळी, भिंतीपलीकडे कुणी नसताना, अप्पांनी त्याच पहारीने विटा फोडल्या आणि मग तुझं मनगट. दुसऱ्या दिवशी तू डाव्या हाताने दुसऱ्या विटा मांडल्यास. पुन्हा पश्चिमेलाच.

तुझा जावई गरीब स्वभावाचा माणूस. चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवतो. माझ्यावर या घरात कुणी कधी हात उगारलेला नाही. तरी मी मेस्त्रीला सगळ्या रेघा पुसायला लावल्या. मुलाला भिंत उंच करून हवी होती.

"अम्मा, शेजारचे सगळे बघतील!"

"बघू देत. भिंत आहे एवढीच राहील."

"बरं. पण तोंड पश्चिमेला कशाला?"

त्याला आजोबा म्हणजे देवमाणूस. त्याच्या जन्माआधीच गेलेले. दिवाणखान्यात त्यांचा फोटो आहे आणि ताजा हार तोच घालतो. मी तोंड उघडलं. मनगट, पाठ, पहार, सगळं जिभेवर आलं होतं.

"धूर डोळ्यांत जातो," मी म्हणाले.

तो हसला. "अम्मा, गॅसला कसला धूर?"

हे मी शेगडीच्या खोक्यातल्या कागदावर लिहितेय. उद्या मेस्त्री ओट्याच्या विटा रचेल तेव्हा कागद घडी करून त्यांच्यामध्ये ठेवेन, वर सिमेंट पडेल. सांगायचं एवढंच, आई, की त्याच्या हसण्यावर मीही हसले, आणि पुन्हा म्हणाले, "जातो रे. तुला नाही कळायचं."