शेपटीवरचा ठिपका

बाबा, तुमची कानस अजून चांगली चावते. तुमच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं चांगलं बहुधा एवढंच आहे. निवृत्त झाल्यावर मी मागच्या अंगणात लहानशी भट्टी लावली आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांच्या तुकड्यांतून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करायला लागले. शेजारीण कुंपणावरून विचारते, "बाई, या वयात हे काय करून राह्यल्या?" मी तिला सांगते, एका माणसाला खोटं पाडून राह्यली.

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं तुमचं वर्कशॉप. मी नववीत, यवतमाळच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली. आईच्या सुरीला धार टिकत नव्हती, म्हणून तिच्यासाठी आठ दिवस खपून मी एक पातं घडवलं. पातं भट्टीत लाल होतं, लोहचुंबक त्याला चिकटेनासा होतो, म्हणजे ते पुरेसं तापलं, आणि मी ते सरकीच्या तेलात बुडवते. तेलात बुडवून कडक केलं तरी त्याला पाणी देणं म्हणायचं, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं. काळं, धुरकट पातं बाहेर येतं. तुम्ही ते नीट पुसलंही नाहीत. कानस एकदा ओढलीत. घसरली असती तर पातं कडक; ती चावली. मग चार मिस्त्र्यांसमोर म्हणालात, "कच्चं हाये. पातंबी अन् पोरगीबी." मिस्त्री हसले, पातं भंगारात गेलं. दहावीनंतर मी पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला, तो तुम्ही न वाचताच परत दिलात. "तुले पाह्यलं ना म्या भट्टीवर," एवढंच म्हणालात. म्हणून मी सगळी नोकरी सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या टिपणांवर शिक्के मारत काढली.

आता ऐका. भट्टीतून निघालेल्या पात्यावर काळी साल धरते आणि तिच्याखालचा पातळ थर मऊ पडलेला असतो. तो घासून उडवायचा, आतलं स्वच्छ पोलाद दिसलं की मगच कानस लावायची. हे मला माझ्या चौथ्या पात्याला कळलं. तुम्ही तर फोरमन होता. तुम्ही साल तपासलीत आणि निकाल पोलादाचा दिलात. आमच्या सिस्टरने एकदा माझं बरोबर गणित चूक ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने वर्गासमोर लाल शाईची फुली खोडली, शेजारी सही केली आणि मला सॉरी म्हणाली. त्याच सिस्टरच्या मोडक्या मराठीची तुम्ही जेवताना नक्कल करायचात.

ही सालीची गोष्ट कळल्यापासून मी तुम्हाला अडाणी समजत होते, आणि अडाणी माणसाला माफ करायची माझी जवळजवळ तयारी झाली होती. गेल्या आठवड्यात दुसरी कानस शोधताना तुमच्या मागे उरलेल्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, ग्रीसच्या फडक्यात, माझं पातं सापडलं. टोकाजवळ अंगठ्याएवढी जागा कोणीतरी घासून चकचकीत केलेली होती. मी तिथे कानस लावली. काचेवरून घसरावी तशी घसरली. मग मी पात्याची शेपटी पाहिली, मुठीच्या आत जाते ती. ती मऊच ठेवतात. तिच्यावर टोकदार पंच ठोकून उमटवलेला एक ठिपका होता. पास झालेल्या पात्यालाच तुम्ही तो द्यायचात, आणि त्या एका ठिपक्यासाठी मिस्त्री दिवसभर तुमच्या तोंडाकडे बघत. म्हणजे तुम्ही पातं भंगारातून उचललंत, साल काढलीत, पुन्हा तपासलंत, पास केलंत आणि लपवून ठेवलंत. हे फॉर्मच्या आधी की नंतर, ते ठिपक्यावरून कळत नाही. आधी असेल तर तुम्ही हलकट, नंतर असेल तर भित्रे. यांतलं एक निवडा, मला दोन्ही चालेल. चार मिस्त्र्यांसमोर कच्ची म्हणायला तुमचा आवाज खणखणीत होता. पास म्हणायला मात्र फडकं आणि पेटी लागली.

हे पत्रही त्याच पेटीत जाईल. तुम्हाला असंच कळवायची सवय होती. त्या पात्यासाठी सागाची मूठ मी कापून, घासून, तेल लावून तयार ठेवली आहे. मापात अगदी बरोबर बसते. दोन खिळे ठोकायचे राहिलेत. रोज हातोडी घेते आणि ठेवून देते. मूठ बसली की तो ठिपका झाकला जाईल.