पपांचा फोटो मी उतरवला

मरोळ गावठाण, अंधेरी
रविवार, ता. ८ डिसेंबर १९५७

प्रिय गिल्बर्ट,

तुझी आणि ऑलिव्हची तब्येत बरी असेल. इथे सगळं ठीक. मम्मी दोन घास खाऊ लागली आहे. रजा मिळत नसल्याची तुझी तार मिळाली होती. मम्मीला मी समजावलं, की कलकत्ता लांब आहे आणि शाखेत माणसं कमी आहेत. तिला पटलं.

पपांच्या मातीला देवळात उभं राहायला जागा नव्हती. वर्सोव्याहून मावशीची माणसं आली, गावठाणातलं झाडून एकेक घर आलं, आणि कारखान्यातली जवळजवळ सगळी पाळी आली. हिंदू कामगार बाहेर चपला काढून उभे होते. पपा पत्र्याच्या तुकड्यांतून त्यांच्या पोरांसाठी दिवाळीला कंदील करायचे, नाताळला चांदण्या. कोणाचा डबा गळायला लागला की पपांकडे यायचा. 'मिस्त्री, जरा बघा ना', एवढंच म्हणायचं. ती पोरंही आली होती, आता मोठी झालेली. इथवर मला बरं वाटलं होतं.

काल कारखान्यात शोकसभा झाली. त्याबद्दल तुला लिहायचं की नाही, हे सकाळपासून ठरत नव्हतं.

मोठ्या यंत्रांच्या खात्यात खुर्च्या मांडल्या होत्या. निशिगंधाचे हार, गुलाबपाणी, मागे टेबलावर चिवडा आणि चहा. भिंतीवर पपांचा मोठा फोटो. आमच्याकडून मागून नेलेल्या फोटोवरून शेठने तो मोठा करून घेतला होता. जयंती शेठ बोलायला उठले आणि म्हणाले, लॉरेन्स मिस्त्री म्हणजे या कारखान्याचा आत्मा, माझ्या वडिलांच्या जागी. बोलता बोलता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मला त्या फुलांचा वास नकोसा झाला. मी पदर नाकाला धरला, तर शेजारची बाई समजली मी रडते आहे. ती माझी पाठ थोपटत बसली.

वडिलांच्या जागी! गेली दोन वर्षं याच माणसाने पपांना भंगाराच्या शेडमध्ये बसवलं होतं. मिस्त्रीचं काम काढून घेतलं आणि फाटके पत्रे वेगळे करायला लावले. त्यांच्याजवळ जेवायला बसणाऱ्याची नोकरी जाईल, असं मुकादमाकरवी सगळ्यांना कळवलं होतं. पपा डबा घेऊन एकटे बसायचे. घरी आल्यावर सांगायचे, आज दशरथने लांबून हात केला. त्याच शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, ते गेले. भोंगा झाल्यावर लोकांना कळलं.

आणि काल तेच लोक एकामागून एक उठून रडत होते. मिस्त्रींनी मला हात धरून काम शिकवलं, मिस्त्री माझ्या बापासारखे. खोटं कोणी बोलत नव्हतं, गिल्बर्ट. त्यांचं खरंच प्रेम होतं, म्हणून तर मला जास्त किळस आली. दशरथ तेवढा उठला नाही. पपांबरोबर त्याने वीस वर्षं काढली. मान खाली घालून तो कोपऱ्यात बसला होता.

मग शेठने तू त्यांना पाठवलेला संदेश वाचून दाखवला.

'माझ्या पपांनी मला खरं बोलायला शिकवलं.' शेठने ते वाक्य दोनदा वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागे दाराशी गुणाजीची बायको जानकी बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, ती पपांसाठी आली होती. ती उठून बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले.

तुला आठवण करून द्यायला नको, पण एकदा लिहितेच. गुणाजीला यंत्राच्या पट्ट्याने ओढून घेतलं आणि तो गेला, त्या वेळी पट्ट्यावर जाळी नव्हती. सरकारी चौकशीत पपा उभे राहिले आणि म्हणाले, काम भरभर व्हावं म्हणून शेठने जाळी काढायला सांगितली आणि मी माझ्या हाताने काढली. स्वतःला वाचवलं नाही त्यांनी. त्यांच्यानंतर तू उभा राहिलास. तू म्हणालास, गुणाजी दारू पिऊन आला होता. ज्याने जन्मात थेंब घेतला नाही, त्या गुणाजीबद्दल. पुढच्याच महिन्यात शेठने तुला कलकत्त्याची शाखा दिली. आणि साकीनाक्याला शेजाऱ्यांच्या तोंडी जानकी दारुड्याची बायको झाली.

पपांनी घरात हा विषय कधी काढला नाही. म्हणून मीही काढला नाही.

काल फाटकाशी जानकी मला म्हणाली, "मिस्त्री दर रविवारी मिस्सा झाली की माझ्याकडे येऊन बसायचे. मी एकदा विचारलं, तुमचा पोरगा असं का बोलला? म्हणाले, घाबरला गं तो, लहान आहे. मी ऐकून घेतलं. पण ताई, आज तो तिकडे एवढ्या लांब बसून कोणाला घाबरला?"



मी परत आत गेले. शेठ चहाचा कप घेऊन उभे होते. मी सांगितलं, फोटो माझ्या वडिलांचा आहे, तो इथे राहणार नाही. ते हसले, म्हणाले, बेटी, तू दुःखात आहेस, घरी जा. मी स्टूल ओढलं. माझा हात पुरेना. सगळं खातं बघत राहिलं आणि कोणी हललं नाही. मग दशरथ उठला. शेठच्या समोरून चालत आला, स्टुलावर चढला आणि फोटो काढून माझ्या हातात दिला. हार तिथेच खाली टाकला. रस्त्याला लागल्यावर तो रडायला लागला. म्हणाला, "बाय गो, ते जिते असताना माझ्यान बोलवला नाय." सोमवारी त्याला कामावर घेतील असं वाटत नाही. त्यालाही वाटत नाही.

मम्मीला तुझ्या संदेशातलं मी काही सांगितलेलं नाही. ती म्हणते, नाताळला गिल्बर्ट येईल. जरूर ये. पण अंधेरीला उतरलास की आधी साकीनाक्याला जा. जानकीच्या दारात उभा राहा आणि चौकशीत जे बोलायला हवं होतं, ते तिच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोल. मग घरी ये, मी जेवायला वाढीन. ते होत नसेल तर कलकत्त्यालाच राहा. मम्मीला काय सांगायचं ते मी बघेन.

खाली 'तुझी लाडकी बहीण' असं लिहायची सवय आहे. आज हात वळत नाही.

लॉरेन्स मिस्त्रींची मुलगी,
एथेल