मध्यंतरानंतरची गोष्ट

४ ऑगस्ट, रविवार
हे गेल्यानंतर पहिल्यांदाच वाहिनीवरून निर्मातीचा फोन. "काकू, सरांनी दवाखान्यात जायच्या आधी तीन सिनेमांच्या प्रस्तावना करून ठेवल्यात. दाखवल्या तर चालतील ना?" चालतील म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

६ ऑगस्ट, मंगळवार
डॉक्टरांकडून आज कळलं – ह्यांना सगळं मार्चमध्येच माहीत होतं. मला म्हणाले होते, "काही नाही गं, साधं पित्त." सिनेमाचं साल एकदा चुकलं, तर पुढच्या रविवारी पडद्यावर माफी मागणारा माणूस! जुन्या सिनेमांवर तीन जाड पुस्तकं, सव्वीस वर्षं तो कार्यक्रम, कुठे एक अक्षर खोटं नाही. आणि बायकोशी खोटं.
नणंद म्हणाली, "तुला जपलं गं त्यानं." जपलं कसलं? परकं केलं.

११ ऑगस्ट, रविवार
पहिली प्रस्तावना. तोच करडा कोट. कॉलर मागून वर आलेली – कुणी सांगितलंसुद्धा नाही! शेवटी नेहमीचं वाक्य: "शेवट मी सांगणार नाही, तुम्ही बसा."
मला मात्र सांगायचे. मध्यंतरानंतर माझा डोळा लागायचाच. मग चहाबरोबर उरलेली गोष्ट. "तुझी सगळी तिकिटं निम्मी वाया," म्हणून चिडवायचे.

१८ ऑगस्ट, रविवार
दुसरी. अर्ध्यातच बंद केली. रागच जात नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार
उद्या शेवटची. त्यानंतर हे नवीन काही बोलणार नाहीत. नणंदेला म्हटलं, नाहीच बघत, राहू दे शिल्लक. "शिल्लक ठेवून काय लोणचं घालणार आहेस?" म्हणाली. फार दिवसांनी हसले.

२५ ऑगस्ट, रविवार
पाहिली. सिनेमा ओळखीचा निघाला – लग्नानंतर दोघांनी पाहिलेला पहिलाच. तेव्हाही मी झोपले होते. आज उभी राहून शेवटपर्यंत पाहिला.
नावाडी बुडतो. बायको किनाऱ्यावर एकटी.
मला तर सांगितलं होतं, होडी परत येते आणि दोघं भांडत भांडत घरी जातात!

२६ ऑगस्ट, सोमवार
ह्यांची पुस्तकं पहिल्यांदाच उघडली. आम्ही पाहिलेले सिनेमे शोधून काढले. अकरा सापडले. अकराही सिनेमांत शेवटी कुणी ना कुणी मरतं.
मला सांगितलेल्या गोष्टींत सगळे घरी आले होते.