करिश्माच्या फॉर्मवर खरं लिहा

अहो,

मी करिश्माच्या शाळेत चालली. चार वाजता राजापेठच्या डॉक्टरकडं जायचं आहे, त्याआधी बाईंनी भरलेला शाळेचा फॉर्म आणते. हारांची टोपली ओल्या फडक्याखाली आहे, देवळात तुम्हीच पोचवा.

घरचा फॉर्म मी चुकीचा भरला. पोरगी कीर्तनात दोन तास हालत नाही, म्हणून चुळबुळ करते काय, वस्तू हरवते काय, सगळीकडं ‘कधीच नाही’वर खूण केली. डॉक्टर म्हणाले, “ताई, आवडीच्या जागी ही मुलं बसतात. गणिताला, जेवताना काय करते ते सांगा. लक्ष न टिकण्याचा हा त्रास, एडीएचडी, रक्त तपासून कळत नाही, घरून आणि शाळेतून खरं ऐकूनच ठरवावं लागतं.”

नवा फॉर्म देव्हाऱ्यात ठेवला आहे, मी येईपर्यंत तुम्ही भरा. परवा वही हरवली म्हणून तुम्ही तिले मारलं. त्याआधी किती वेळा हरवली, तेही लिहा.

शेवटी विचारलं आहे, घरात लहानपणी आणखी कोणाले असं होतं काय. तिथं माझा हात थांबला. सातवीत तुम्ही शाळा कशापायी सोडली, ते तुम्हीच लिहा. तुम्हाले तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. विठ्ठलाच्या कृपेनं आता डॉक्टर विचारून राहिले.

शकुन