पीटरबाबांचे नऊ खण

कोल्हापूर,
शनिवार, १८ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप शंकरप्पा मामांस,
भाचा सोमशेखर याचे शरणु शरणार्थी.

तुमचं कार्ड गणपतीत आलं होतं. त्यात एकच ओळ होती, "सध्या काय करतोस ते कळव." उत्तराला चार महिने लागले, कारण मलाच कळत नव्हतं (मधे एकदा लिहायला बसलो होतो, पण तेवढ्यात खाली कुणीतरी म्हैस पळाली म्हणून ओरडलं आणि मी बघायला गेलो, ते राधानगरीपर्यंत). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं पित्त? परवा गुरुवारी तिळगूळ घ्यायला इचलकरंजीला आलो होतो, तेव्हा तुम्ही कापडाच्या मागावर होता, त्यामुळं भेट राहिली. मी घरात असतानाच मांजरानं देवघराच्या दाराची लाल काच फोडली, ते मामींनी सांगितलं असेलच. मांजर सापडलं का?

तर सध्या मी चर्चमध्ये असतो. (अव्वाला एवढ्यात सांगू नका, आईच ती, धसका घेईल. गळ्यातलं लिंग गळ्यातच आहे आणि पूजाही रोज होते, म्हणजे जवळजवळ रोज.) धर्मबिर्म काही बदललेला नाही. सायकलची चेन पडली म्हणून चर्चच्या सावलीत उभा होतो. वरून बांबूच्या परांचीवरचा एक माणूस ओरडला, "ए, पकड!" मी पकडलं. तेव्हापासून पकडूनच आहे. तो मडगावचा पास्कू मेस्त्री. जुन्या चर्चच्या रंगीत काचा उतरवायच्या, धुवायच्या, शिशाच्या नव्या पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख द्यायचा आणि होत्या तिथं परत लावायच्या, हा त्याचा धंदा. एक गाव झालं की दुसरं. मामा, फिरत राहण्याचा पगार देणारा धंदा असतो, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी नववीला बसलो असतो की (पास झालो असतो असं म्हणत नाही).

इथली खिडकी उंच आणि अरुंद, एकावर एक नऊ खणांची. त्यात संत पीटर उभे. पहिल्या खणात दाढीवालं डोकं, चौथ्यात हात आणि किल्ल्यांचा जुडगा (स्वर्गाच्या किल्ल्या, फादरनी सांगितलं), आठव्यात कोंबडा आणि नवव्यात अनवाणी पाय. कोंबड्याची गोष्ट अशी, की येशूला धरून नेल्यावर ह्या पीटरबाबांनी "मी ह्या माणसाला ओळखत नाही" असं तीनदा सांगितलं आणि लगेच कोंबडा आरवला. एवढं करून माणूस संत झाला म्हटल्यावर मला जरा धीर आला.

आता गोंधळ कसा झाला ते सांगतो. पास्कू म्हणाला, उतरवताना खणांवर नंबर घाल. मी खडूनं घातले, वरून खाली, एक ते नऊ, ठसठशीत, गुरुजींनी गिरवून घेतले तसे. पण पास्कू बोलतो कोकणी आणि लिहितो इंग्रजी अक्षरांत. माझा १ त्याला इंग्रजी नऊ वाटला. माझा ४ त्याचा आठ झाला. माझे ८ आणि ९ त्याला आकडेच वाटले नाहीत, म्हणून ते उरलेल्या जागी गेले. काचांवर सफाईची पांढरी पूड फासलेली होती, त्यामुळं चित्र दिसत नव्हतं. मंगळवारी सकाळी मी आतून पूड पुसली आणि ऊन आलं. सगळ्यात वर दोन पाय. छातीवर कोंबडा. घोट्यापाशी किल्ल्या. आणि तळाला, पायरीवर टेकल्यासारखं, डोकं. झाडायला आलेली बयाबाई थबकली आणि म्हणाली, "पावणं खाली बसल्यात व्हय? चा ठेवू का?"

फादरनी खिडकी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. मग म्हणाले, "सोमशेखर, संत पीटरना उलटं टांगलं होतं हे खरंय. पण असं सुटं सुटं करून नव्हे." पास्कू कोकणीत जे बोलला ते चर्चमध्ये लिहवत नाही. उद्या रविवारी बिशप येणार आहेत. तोवर खिडकी सरळ झाली तर पास्कू मला पुढच्या कामाला वेंगुर्ल्याला नेणार. नाही झाली तर शिवरात्रीनंतर तुमचे माग आहेतच, तुम्ही म्हणालाच आहात. मामा, मागाचा राग नाही, पण तिथं धोटा फिरतो आणि माणूस उभा राहतो. मला ते उलटं पाहिजे. आजवर सात कामं सोडली, हे पहिलंच असं, की ह्यानं मला सोडू नये असं वाटतंय.

बुधवारी खण परत उतरवताना माझा धक्का लागला आणि कोंबड्याचा तुरा फुटला. बाकी कोंबडा शाबूत. तसली लाल काच मुंबईहून यायला महिना लागतो. पण काल मी एक तुकडा आणून दिला (शोधलं की सगळं मिळतं). तुरा असा पेटलाय, की कोंबडा आत्ता आरवेल. हे परांचीवर बसूनच लिहितोय. पीटरबाबा डोक्यापासून पायापर्यंत ओळीत आहेत.

आपला आज्ञाधारक (ह्या वेळी खरंच),
सोमू

ता. क. पास्कूचा काच कापायचा हिरा, पितळी मुठीचा, तुमच्या देवघरात विभूतीच्या डबीमागं राहिलाय. खरं तर त्यासाठीच हे पत्र. तुमच्या मागावरच्या गुंडूबरोबर लगेच पाठवा. पास्कूनं अजून मागितलेला नाही. मागितला की वेंगुर्ला संपलं. मामींना कळू देऊ नका.

ता. क. २. हिरा तिथं कसा गेला असं विचाराल. मांजराला दूध द्या, त्याचा काही दोष नाही. मांजरानं फोडलेल्या काचेला तुऱ्याच्या मापाचं भोक पडत नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. मामींनी तीनदा विचारलं आणि तीनदा मी मांजराचं नाव सांगितलं. आरवायला तिथं कोंबडा नव्हता, एवढंच.

ता. क. ३. थांबा. बयाबाई खालून ओरडतीय, "सोमू, पावणं आल्यात रं!" मला वाटलं बिशप एक दिवस आधीच आले. मामी आहेत! हातात पितळी मुठीचा हिरा. वर बघून त्यांनी पीटरबाबांना हात जोडले, म्हणजे तुऱ्यातली आपली काच अजून ओळखलेली नाही. आता चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्यात.