सम्यकची ‘चाळण’

३ फेब्रुवारी

सकाळीच अभयचा फोन. "विशाखा, ती लायब्ररी तुझ्या घरातलीच ना? मग तूच कर." साहेबाचा हुकूम. म्हणजे माझ्या नवऱ्याची, सम्यकची ‘चाळण’ — मजकुरातून हवं ते वेचून देणारं, सी भाषेत लिहिलेलं तयार कोड — आमच्या रस्ट भाषेतून वापरता यावी असं आता मीच करायचं. पुन्हा लिहायची नाही — आतलं सी तसंच ठेवायचं, वरून रस्टचं वेष्टण चढवायचं. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांचे रिपोर्ट वाचतं. त्यातून तारखा, औषधं, डोस हुडकायला चाळण लई चांगली. पण सी ते सीच. एक चूक झाली की प्रोग्राम कोसळतो, नाहीतर गुपचूप भलतंच वाचतो. रिपोर्टच्या बाबतीत भलतंच वाचून कसं चालेल?

सम्यकला सांगितलं. वाटलं, खुश होईल. "बरं," म्हणाला आणि खिडकीकडं बघत बसला.

५ फेब्रुवारी

चाळण त्यानं बजाजनगरच्या खोलीवर लिहिली. आमचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. कारखान्यातली मशीन दिवसभर मजकूर ओकायची, त्यातून बिघाडाच्या ओळी वेचायला. नंतर नेटवर फुकट टाकली. कुठल्या कुठल्या देशातली माणसं वापरतात.

चाळणीला शोधाचा नमुना द्यावा लागतो. त्या नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, हे मला त्यानंच समजावलं होतं. उस्मानपुऱ्यात, चहा पिताना. "समज, सगळ्या शहरातून अशी माणसं हुडकायची, ज्यांचं नाव ‘वि’नं सुरू होतं आणि ‘खा’नं संपतं. मधी काय बी असू दे." मी म्हटलं, अशी एखादीच सापडेल. म्हणाला, "एकच पाहिजे."

आज ते आठवून एकटीच हसले.

९ फेब्रुवारी

काम पुढं सरकतंय. सीमध्ये मेमरी मागून घेतली की परत करायची जबाबदारी आपली. नाही केली तर ती अडकून पडते, दोनदा केली तर घोटाळा. रस्ट प्रत्येक वस्तूबद्दल आधीच विचारून घेतं — ही कुणाची? सोडणार कोण? त्यामुळं चाळणीच्या प्रत्येक फंक्शनला मी तेच विचारत बसलेय. अडलं की सम्यकला विचारते. तो पलंगावर पडल्या पडल्या सांगतो — "ते वापरणाऱ्यानं सोडायचं." "ते आतल्या आत सुटतं, तू हात लावू नको." फाईल उघडतसुद्धा नाही. सगळं तोंडपाठ.

पण बोलताना माझ्याकडं बघत नाही. माझ्या कानामागं कुठंतरी बघतो. दिवाळीत त्यानं नोकरी सोडली तेव्हापासून हे चाललंय. आज विचारलं, माझं काय चुकलं का? "काही नाही गं." तेही भिंतीला सांगितलं.

१४ फेब्रुवारी

मेथीची भाजी केली. मुकाट जेवला. मीही मुकाट.

१७ फेब्रुवारी



दुपारी म्हटलं, तुझं हे एक फंक्शन माझ्याबरोबर नीट बघ. खुर्ची ओढून बसला. स्क्रीनकडं तोंड करून, भुवया आवळून. "हं," म्हणाला. "हं. बरोबर आहे. इथं मी मुद्दामच पॉइंटर एक घर मागं घेतलाय."

स्क्रीनवर माझी मेल उघडी होती. फाईल उघडायची विसरले होते मी. अभयचं पत्र होतं, सुट्टीबद्दल.

 "बरं," म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले. चहा उतू गेला.

१८ फेब्रुवारी

मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. काल मी नुसतं ‘बरं’ म्हणून उठले, त्यावरून ओळखलं म्हणाला.

डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. दिवाळीच्या आधी कळलं. मधलं गेलंय, कडेचं राहिलंय. चालता येतं, पाणी ओतून घेता येतं, वाचता येत नाही. बरं होत नाही.

"एवढे दिवस का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

मग म्हणाला, "विशा, तुझ्याकडं सरळ बघितलं ना, की तुझं तोंडच पुसल्यासारखं होतं. बाजूला बघितलं की दिसतेस. थोडीशी. म्हणून भिंतीकडं बघतो."

आणि मी इतके महिने या माणसावर रुसून बसलेले.

१९ फेब्रुवारी

करमाडला मायला सांगायचं नाही, अशी शपथ घातली त्यानं. "म्हातारी एकटी राहते. काळजीनं मरंल." मी म्हटलं, तुझी आई आहे, तूच ठरव.

दुपारभर दोघं नुसते बसून होतो. बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

वेष्टण जोडून झालं. साध्या चाचण्या पास. सम्यकला सांगितलं तर म्हणाला, "साध्यावर जाऊ नको. वाईट नमुने दे. कंस उघडून बंदच करू नको. माणसं तसंच करतात."

१ मार्च

त्याचं खरं निघालं. कंस उघडा ठेवला की प्रोग्राम कोसळतो. दर वेळी नाही — कधी कधी. हे जास्त वाईट.

अभय फोनवर म्हणाला, "महिनाअखेर नाही सापडलं तर दुसरी लायब्ररी घेऊ. वाईट वाटून घेऊ नकोस." सम्यकला हे कसं सांगू? सांगावं लागलंच नाही, शेजारीच बसला होता. सगळं ऐकलं त्यानं.

४ मार्च

सापडत नाही. सम्यकचीच लायब्ररी, म्हणून मी तिच्यावर जास्तच विश्वास टाकतेय की काय?

७ मार्च

आजपासून मी त्याला कोड मोठ्यानं वाचून दाखवते. पहिल्यांदा दोघांनाही हसू आलं. "पी बाण नेक्स्ट बरोबर नल, अर्धविराम." पोथी वाचल्यासारखं. पण तो डोळे मिटून ऐकतो आणि त्याचं बोट मांडीवर चालतं, ओळीमागून ओळ. मधेच थांबवतो — "मागची ओळ परत." मी परत वाचते. कपाळावरची आठी कित्येक महिन्यांनी गेलेली दिसली.

लग्नानंतर इतकं बोललोच नव्हतो आम्ही. सगळं सीमध्ये, पण बोललो.

११ मार्च

सापडलं.

नमुना चुकीचा निघाला तर काय करायचं, तो भाग वाचत होते. "फ्री, कंसात पी. रिटर्न एरर."

"थांब. तिथं पी सोडलाय?"

"हो."

"मी नाही सोडलेला."

पुन्हा वाचलं. होताच. वर माहितीत लिहिलंय, काहीही झालं तरी वापरणाऱ्यानंच सोडायचं. त्यावर विसंबून माझं रस्टही सोडत होतं. एकच मेमरी दोनदा. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यावरून दहादा गेले असेन.

"ही ओळ कुणी टाकली?"

फाईलमधल्या बदलांचा इतिहास काढला. परदेशातल्या कुणीतरी पाठवलेली दुरुस्ती. मंजूर केलेली — सम्यकनं. नोव्हेंबरात.

त्यानं महिना परत वाचायला लावला. मग म्हणाला, "तेव्हा वाचता येत नव्हतं मला. पाठवणारा चांगला माणूस होता. वाचल्यासारखं केलं आणि हो म्हटलं." आणि रडला. नोकरी सोडताना नाही, आजार सांगताना नाही. आज रडला. "लोकांनी विश्वासानं घेतलीय गं. दवाखान्यात चालणार होती."

मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. म्हटलं, चालायच्या आधी सापडली ना? तूच हुडकलीस. कानानं.

१२ मार्च

ती ओळ काढली. उघडे कंस, उलटे कंस, रिकामे नमुने, सगळं देऊन बघितलं. कोसळत नाही.

चाळणीच्या पानावर त्यानं मला एक सूचना लिहायला लावली. चूक काय होती, कुठल्या आवृत्तीत होती, आणि शेवटी — "मला आता वाचता येत नाही. ही दुरुस्ती मी न वाचता मंजूर केली होती. इथून पुढं प्रत्येक बदल मला कुणीतरी वाचून दाखवेल, मगच मंजूर होईल." मी म्हटलं, आजाराचं लिहायलाच पाहिजे का? "व्हय. लोकांना माहीत पाहिजे, दाराशी कोण बसलंय."

जगाला सांगितलं. मायला नाही.

२० मार्च

अभयनं वेष्टण स्वीकारलं. दवाखान्यात पुढच्या महिन्यात लागेल. "दोघांचं अभिनंदन," म्हणाला. दोघांचं — ते ऐकून सम्यकनं मिशीवरून हात फिरवला.

२९ मार्च

कंप्युटर बोलका करून दिला. स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो तो. मराठी असं वाचतो की आम्ही पोट धरून हसलो. सम्यक म्हणाला, "तुझ्यासारखं नाही जमत त्याला. पण तुला ऑफिस आहे."

आता तो सकाळी कानात इअरफोन घालून बसतो. मी माझ्या टेबलाशी, तो त्याच्या. मधूनच विचारतो, "रस्टमध्ये हे कसं लिहितात?" मी सांगते. तो चुका करतो. मला ते फार आवडतंय.

६ एप्रिल

मायचा फोन. "चौदा तारखेला जयंतीला येतायसा ना दोघं?" सम्यक हो म्हणाला. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ हातातच धरून बसला. मग म्हणाला, "त्या गर्दीत नको. आधी जाऊन सांगतो. एकटाच जातो."

मी सोबत येते म्हटलं नाही. 

९ एप्रिल

सकाळच्या बसनं गेला. बसवरची पाटी कुणाला तरी विचारीन म्हणाला. दुपारी फोन. "पोचलो. सांगितलं मायला."

"मग? रडल्या?"

"नाही. म्हणाली, ‘माझ्या बापाचं बी असंच झालं व्हतं. तुझ्या आज्याचं. चाळिशीतच.’ मला काही आठवतच नाही गं, मी तीन वर्षांचा असताना गेला तो. म्हटलं, माय, मग कधी बोलली का नाहीस? म्हणाली, ‘त्यात काय बोलायचं? मी दिवसभर कामावर. घरी तोच असायचा. तुला चालायला त्यानंच शिकवलं.’"