रेंज नसलेली जागा

९ फेब्रुवारी

सृष्टीचं पत्र! वहीचं पान फाडून, चार घड्या घालून पाकिटात कोंबलेलं. "आई, दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला. बाबा म्हणाले, मग तीन दिवस तुझ्याबरोबर राहायला हरकत नाही. पण मामाआजोबांच्या शेतावर नको. कुठेतरी जाऊ. तुला चालेल अशी जागा तूच शोध."

तीन दिवस! मी सोलापूरचं, सात रस्त्याचं घर सोडलं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही मायलेकी एका छपराखाली झोपलेलो नाही. समोरच्या इमारतीवर टॉवर, खाली दुकानांत वायफाय, घरात नवऱ्याचा, मुकुंदचा फोन, सृष्टीचा फोन — डोकं पेटायचं, छातीत धडधड, जिभेवर गंजकी चव. शेवटी इथे आले. माळशिरसच्या बाहेर, मामांच्या उसाला लागून असलेल्या खोलीत. मामा गेले, खोली उरली, मी उरले.

पत्र उशाखाली ठेवलं. मग काढून पुन्हा वाचलं. "तुला चालेल अशी."

१६ फेब्रुवारी

रविवार. शिवराज आला — मामांचा मुलगा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. माझ्यासाठी लॉजवाल्यांना फोन करणारा एकटाच. तो लांब बांधावर उभा राहतो, मी दारातून ओरडते.

"वायफाय आहे का विचार!"

"हाय म्हणतोय. फुकट हाय म्हणतोय!"

"बंद करता येईल का?"

तो थोडा वेळ बोलला. मग हात खाली. "ताई, ते विचारतायत, पेशंटला नक्की काय झालंय?"

म्हटलं, ठेव फोन. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक खोलीत वेगळं वायफाय. तिसरा म्हणाला, आमच्याकडं धार्मिक लोक येतात, असले पेशंट नको. चौथ्याने हसून ठेवला. शिवराजने मला ते सांगितलं नाही, पण त्याचा चेहरा दिसत होता.

सहा जागा. सहाही गेल्या.

जाताना म्हणाला, मुकुंददाजींना कळवलं, शोधतोय म्हणून. ते काय म्हणाले? दोनदा विचारावं लागलं. मग — "म्हणाले, तिला शोधत राहू दे. आम्ही जगत राहतो."

२० फेब्रुवारी

मुकुंद वाईट माणूस नाही. हे लिहून ठेवते, कारण मलाच विसरायला होतं. त्याने पहिलं वर्ष रात्री मेन स्विच बंद केला. घरात पडदे लावले, जाड. मला तीन डॉक्टरांकडे नेलं. शेवटचे डॉक्टर भले होते. म्हणाले, "बाई, तुमचा त्रास शंभर टक्के खरा आहे. पण त्याचं कारण कदाचित वेगळं असेल." मी तिथून उठून आले. मी आठवीला विज्ञान शिकवलंय चौदा वर्षं. फळ्यावर लहरी काढून दाखवल्यात. मला सांगतात!

मुकुंद जिन्यात म्हणाला होता, निदान ऐकून तरी घे.

३ मार्च

लिहवत नाही. तरी लिहिते.

शिवराजने रजा काढली. जीपने सोलापूरला गेलो, त्याचा फोन बंद करून. तळ्याजवळ एक जुनं लॉज, कुणीतरी सुचवलेलं. मॅनेजर बसू नावाचा, अक्कलकोटकडचा, साधा माणूस. म्हणाला, "वायफाय बंद करतो की बाई. पण शेजारच्या खोलीतल्या गिऱ्हाईकाच्या खिशात हात घालू का मी?" बरोबरच आहे. माझं मोजायचं यंत्र प्रत्येक कोपऱ्यात लाल. लहरी सापडल्या की त्याचे दिवे लागतात; तिथे विझेनातच. बसूने पाणी दिलं. पैसे नको म्हणाला.

मग मी शिवराजला म्हटलं, सृष्टीच्या शाळेवरून घे. पेपर सुटायची वेळ होती. नुसतं बघायचं होतं.

समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. डोक्याला लहरी अडवणारा दुपट्टा, चांदीच्या तारेचा, जाळीचा — त्याच्याशिवाय शहरात उभी राहूच शकत नाही. मुली बाहेर आल्या. सृष्टी चौघींत. उंच झालीय! केस कापलेत. कुणालातरी टाळी देऊन हसत होती. मग तिने पाहिलं.

पाहिलं, नक्की. एक क्षण. मग मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून पाठ फिरवली आणि चालत गेली.

सात रस्त्याला ट्रॅफिक अडकला. मी जीपमध्येच ओकले. वर बघितलं — आमच्या बाल्कनीत तिचा गणवेश वाळत होता. सुलटा, भर उन्हात. रंग उडतो. उलटा करून टाकायचा असतो, हे मुकुंदला कोण सांगणार?

५ मार्च

शिवराजकडे तिचा निरोप: "आईला सांगा, गेटवर येऊ नको. मुली विचारतात."

८ मार्च

तिला कळवून टाकते की जागा मिळत नाही. तीही सुटेल, मीही. दोनदा पत्र लिहिलं. दोन्हीदा फाडलं.

९ मार्च

मिळाली!!

शिवराजच्या वर्कशॉपमधला एक जण सांगोल्याच्या पुढचा, जतच्या रस्त्याकडचा. त्याला शिवराज सहज म्हणाला. तो म्हणे, आमच्या चुलत्याच्या वस्तीवर फोन म्हणजे नुसता दगड. चारी बाजूंनी टेकाड, मधे खळगा. आम्ही आजच गेलो. यंत्र काढलं — एकही दिवा नाही. मी खळग्यात फिरले, गोठ्यात गेले, विहिरीपाशी गेले. शून्य. शून्य. मी रडायलाच लागले.

चुलते तात्याबा शेळ्या सोडून आले. त्यांची बायको मायाक्का भाकरी टाकत होती. तात्याबांना पटेचना.

"रेंज न्हाय म्हून आमी सरकारला अर्ज करतुया. अन् तुमी तेच हुडकत आलाय व्हय?"

"हो."

"लई नवल हाय की!"

त्यांचा एक फोन आहे, तो रस्त्यावर भावकीच्या घरी ठेवलेला. बोलायचं असलं की दोन किलोमीटर चालायचं. मायाक्का मला न्याहाळत होती. "कवापासनं हाय गं बाई तुला ह्ये?"

कोणी असं विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, नक्की काय होतं. मी सांगितलं. कोरोनाचं वर्ष होतं. माझी आई दवाखान्यात, आत कुणाला सोडत नव्हते. नर्सने फोन तिच्या तोंडापुढे धरला. आई बोलत होती, आवाज येत नव्हता. मी ओरडत होते, आई, ऐकू येत नाही! मग चित्र अडकलं. ते सुटलंच नाही. त्या उन्हाळ्यापासून हे सुरू.

मायाक्काने तव्यावरची भाकरी उलटली. "हितं ऱ्हावा," म्हणाली. "पोरीला घिऊन या."

१७ मार्च

मुकुंद तिला फाट्यापर्यंत घेऊन आला. गाडी लांब उभी केली, फोन गाडीत ठेवला, मग वीस पावलं चालत आला. तो अजून हे पाळतो. "बारीक झालीस," म्हणाला. मी म्हटलं, तूही. आणखी काय बोलणार! सृष्टीचा गणवेश उलटा करून वाळत घाल, एवढं सुचलं. तो हसला. डोळे पुसले की घाम, कळलं नाही.

सृष्टीने सॅक स्वतःच उचलली. मी हात लावला तर म्हणाली, राहू दे, जड आहे.

१८ मार्च

सकाळी जरा कंटाळली होती. मग मायाक्काने तिला शेळीच्या धारेला बसवलं. पहिली धार थेट तोंडावर! मायाक्का म्हणाली, "अगं, ती काय तुझी मैतरीण हाय? दाबून धर की!" सृष्टी इतकी हसली की शेळी उधळली.

नंतर म्हणाली, "आई, ते यंत्र ठेवून दे ना. तीन दिवसच." इथे कशाला हवंय! कालपासून पिशवीतून काढलंच नव्हतं; तसंच तळाला सारलं.

दुपारी लिंबाखाली बाजेवर पडले. सृष्टी उशाशी, सॅकला टेकून. माझ्या केसांत तेल घालत होती — जसं मी तिला घालायचे. मी दोन तास झोपले. दोन तास! उठले तर तोंडात ती गंजकी चव नाही. डोकं हलकं, धुतल्यासारखं. म्हटलं, बघ, ही जागा! बघितलंस ना?

"बघितलं," म्हणाली.

१९ मार्च

आज तिने विचारलं, "तू घरी कधीच येणार नाहीस?"

"कसं येऊ, सोन्या? इथे मला बरं वाटतं कारण इथे काही नाही. तिथे पाऊल टाकलं की—"

ती उठून विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली, किती तरी वेळ. मायाक्का खुणेनं म्हणाली, जाऊ नकोस. जेवताना भाकरी अर्धी टाकून उठली. माझं काय चुकलं?

२० मार्च

गेली. फाट्यावर मला मिठी मारली आणि सोडेचना. कानात म्हणाली, "सॉरी आई." गेटचं मनात असेल. मी म्हटलं, वेडी, मी कधीच विसरले ते.

विसरले नाही. पण आईने असंच म्हणायचं असतं.

२१ मार्च

मी इथेच थांबले. मायाक्का म्हणाली, पावसाळ्यापतोर ऱ्हा, आमालाबी सोबत. शिवराज माझी ट्रंक आणून देईल. बाजेवर सृष्टीच्या तेलकट हाताचा डाग आहे. त्या बाजूला झोपते.

२६ मार्च

आता दर सुट्टीत तिला इथे बोलवायचं. दिवाळीत आठ दिवस. बारावीपर्यंत धरलं तर पाच-सहा वेळा. मग ती पुण्याला जाईल. पाच-सहा वेळा... आणि पुढे?

२ एप्रिल

तात्याबा रस्त्यावरून पत्र घेऊन आले. सृष्टीचं.

"आई, फोन माझ्या सॅकमध्ये होता. चालू. रेंज नव्हती म्हणून हॉटस्पॉट, ब्लूटूथ, सगळं सुरू ठेवलं, पॉवर बँक लावून. तीन दिवस. तू लिंबाखाली झोपलीस तेव्हा सॅक तुझ्या डोक्याला लागून होती. बाबांना माहीत नाही, मीच ठरवलं. तुला खोटं पाडायचं नव्हतं गं. तुला दुखतं, मला माहितीय, मी लहानपणापासून बघतेय. पण ते फोनमुळे नाही दुखत. मग कशामुळे, ते आपण दोघी शोधू. तू रागावशील. रागाव, पण घरी येऊन रागाव."

आधी पत्र चुरगाळलं. मग सरळ केलं. पुन्हा चुरगाळलं.

डोकं फुटतंय. आत्ता, हे लिहिताना. आणि इथे दोन किलोमीटरात एकही फोन नाही.

मायाक्काला विचारलं, सोलापूरची गाडी किती वाजता?

"सकाळी साताला हाय. का गं?"